गणवेशानंतरचा सल्ला : प्रस्तावना

राष्ट्रीय सुरक्षा म्हटले की आपल्याला लढाया आणि सेनापती आठवतात. पण या विषयाचा मोठा भाग कागदावर घडतो. सेनाधिकाऱ्याने राज्यकर्त्याला काय सांगितले, ते त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोचले आणि पुढे त्याचे काय झाले, याची ओळख हा ग्रंथ करून देतो.

मराठी अभ्यासकाने सुरुवात लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरातांपासून करावी. पूर्व विभागाचे प्रमुख असताना त्यांनी ऑक्टोबर 1959मध्ये चिनी आक्रमणाच्या शक्यतेचे टिपण वर पाठवले. मार्च 1960मध्ये लखनौच्या ‘लाल किला’ सरावात तोच धोका पुन्हा मांडला. दिल्लीने तो मनावर घेतला नाही. 1962मध्ये युद्ध पेटल्यावर मात्र निवृत्त थोरातांना राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर बोलावणे आले. सल्ला अचूक होता, पण तो ऐकून घेणारी यंत्रणाच नव्हती.

ती यंत्रणा पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर, 1998मध्ये उभी राहिली. ब्रजेश मिश्रा पहिले राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले. त्यांच्यानंतर दीक्षित, नारायणन, शिवशंकर मेनन आणि डोवल आले. म्हणजे तीन मुत्सद्दी आणि दोन पोलीस अधिकारी, सैनिक एकही नाही. अमेरिकेत मात्र स्कोक्रॉफ्ट, पॉवेल, मॅकमास्टर अशा सेनाधिकाऱ्यांनी हे पद सांभाळले आहे.

आपल्याकडे निवृत्त सेनाधिकाऱ्याला राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या सचिवालयात जागा मिळते ती लष्करी सल्लागाराची. विनोद खंडारे आणि अनिल चौहान यांनी ती भूषवली. चौहान तर 2022मध्ये तेथून थेट संरक्षण दलप्रमुख झाले. या खुर्चीवरून एकाही तुकडीला हुकूम सोडता येत नाही. हाती असते ते फक्त युक्तिवादाचे बळ.

याच पदावर काम केलेले लेफ्टनंट जनरल प्रकाश मेनन पुढे बेंगळुरूच्या तक्षशिला संस्थेत सामरिक अभ्यासाकडे वळले. नॅशनल डिफेन्स कॉलेजचे प्रमुखपद, मग सचिवालय आणि शेवटी अध्यापन, असा हा प्रवास आहे. अण्वस्त्रांच्या छायेतील भारत-पाकिस्तान संघर्षावरचे त्यांचे ‘द स्ट्रॅटेजी ट्रॅप’ 2018मध्ये आले. फायलीत दडून राहणारा विचार त्यामुळे सामान्य वाचकाच्या टीकेसाठी खुला झाला. एचएएल, डीआरडीओच्या प्रयोगशाळा आणि नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड स्टडीज ज्या शहरात आहेत, तेथे हा विचार तंत्रज्ञांच्याही कानी पडतो. दिल्लीबाहेर असे केंद्र असणे मोलाचे आहे.

सर्वोच्च सल्लागार सैनिक असावा का, हा प्रश्न रंगतदार असला तरी दुय्यम आहे. खरी कसोटी ही, की नकोसा सल्ला नोंदला जातो का आणि तो नाकारणाऱ्याला कारण द्यावे लागते का. वाचकाने थोरातांचे आत्मचरित्र आणि कारगिल आढावा समितीचा अहवाल शेजारी ठेवून वाचावेत आणि ही कसोटी स्वतः लावून पाहावी. महाराष्ट्रात निवृत्त सेनाधिकाऱ्यांची वाण नाही. त्यांनी मराठीत लिहावे आणि विद्यार्थ्यांनी त्यांना बेधडक प्रश्न विचारावेत.