आग्रा रोडवरची लिफ्ट आणि कायद्यातला 'फुकट प्रवासी'

माझा पीएचडीचा विषय मुंबई-आग्रा रस्त्यावरची मालवाहतूक आहे असं सांगितलं, की समोरचा माणूस 'अच्छा' म्हणून गप्प होतो. मग मी म्हणते, "तुम्ही कधी ट्रकला हात दाखवून गावी गेलाय का?" आणि इथे गंमत होते. मालेगाव, धुळे, चांदवडकडच्या प्रत्येक घरात कुणीतरी असं गेलेलं असतंच. मामा, चुलता, शेजारचा लूमवाला, नाहीतर आपण स्वतः. पण याची नोंद कुठल्याही तक्त्यात नाही. एसटीचे प्रवासी मोजले जातात, रेल्वेची तिकिटं मोजली जातात, ट्रकमधली पोती मोजली जातात. त्या पोत्यांवर बसलेला माणूस कुणीच मोजत नाही. एमएस्सी सांख्यिकीत केल्यामुळे असेल, पण न मोजलेली गोष्ट दिसली की मला ती सोडवत नाही. म्हणून आजची पोस्ट त्या माणसावर.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. 'लिफ्ट मागत प्रवास' म्हटलं की आपल्यासमोर पाठीला पिशवी लावलेला, अंगठा वर केलेला गोरा पोरगा येतो. पैसे वाचवायचे, जग बघायचं वगैरे. मुंबईतून आग्रा रोडने बाहेर पडणाऱ्या माणसाचा याच्याशी संबंध नाही. त्याला जग बघायचं नसतं, घरी जायचं असतं. शिवाय तो बहुतेक वेळा फुकट जात नाही. तो ड्रायव्हरच्या हातावर काहीतरी टेकवतो, चहा-नाश्ता देतो, माल उतरवायला हात लावतो. हे सगळं लक्षात ठेवा, कारण पुढे कायदा त्याला 'फुकट प्रवासी' म्हणणार आहे आणि त्या शब्दाची किंमत त्याच्या घरच्यांना मोजावी लागणार आहे.

आता रस्त्याकडे येऊ. मुंबईत सायनपासून मुलुंडपर्यंत जो लालबहादूर शास्त्री मार्ग जातो, त्याचं जुनं नाव आग्रा रोड. हाच रस्ता ठाणे, भिवंडी, कसारा घाट, नाशिक, चांदवड करत मालेगावात येतो आणि धुळ्याहून पुढे इंदूर-ग्वाल्हेरकडे निघतो. आमच्याकडे शहरातल्या भागाला आजही 'जुना आग्रा रोड' म्हणतात. कागदावर हा राष्ट्रीय महामार्ग तीन होता. नंतर देशभरचे क्रमांक बदलले, मालेगावचा तुकडा आता साठ नंबरचा आहे. पण ढाब्यावर साठ नंबर विचारून बघा, कुणी मान वर करणार नाही.

मालेगावच्या नशिबात हा रस्ताच आला, रेल्वे आली नाही. १८५३ मध्ये गाडी मुंबईहून ठाण्याला पोचली, १८६१ मध्ये कसाऱ्याला, आणि १८६५ मध्ये थळघाट चढून इगतपुरीला. तिथून रूळ नाशिक, मनमाड करत भुसावळकडे वळले आणि मालेगाव ३५-४० किलोमीटर बाजूला राहिलं. १८७० मध्ये जबलपूरला मुंबईची आणि कलकत्त्याची लाइन जोडली गेली. त्याआधी बनारस-आझमगढ भागातून दख्खनकडे येणाऱ्या माणसाला रस्त्याशिवाय पर्यायच नव्हता. १८५७ नंतरच्या काळात तिकडचे विणकर मोठ्या संख्येने मालेगाव, धुळे, भिवंडी या गावांत स्थायिक झाले. नकाशावर ही तीन गावं बघा, तिन्ही याच रस्त्यावर. डग्लस हेन्स या इतिहासकाराचं पश्चिम भारतातल्या छोट्या शहरांच्या भांडवलशाहीवर २०१२ मध्ये आलेलं पुस्तक आहे. त्यात या विणकर गावांची कहाणी सविस्तर आहे. माझा प्रश्न त्याहून साधा आहे: गावाला रेल्वे नाही, तर माणसं मुंबईहून कशी येतात?

एसटी आहे, ट्रॅव्हल्स आहेत. मनमाडला उतरून काळी-पिवळीने येता येतं. आणि चौथा रस्ता म्हणजे मालाची गाडी.

मालाच्या गाडीचं गणित एकदा कळलं की लिफ्टचं गणित आपोआप कळतं. नाशिक जिल्ह्यातून कांदा, टोमॅटो, भाजीपाला मुंबईकडे जातो. मालेगावचं कच्चं कापड भिवंडीकडे आणि बाहेरच्या राज्यांतल्या प्रोसेस हाउसकडे जातं. जाताना गाडी भरलेली, वेळेची घाई, मार्केट गाठायचं असतं. येताना मात्र भाडं मिळेलच असं नाही. मिळालं तर सूत, किराणा, यंत्रांचे सुटे भाग, नाही मिळालं तर रिकामी गाडी. रिकाम्या गाडीचं डिझेल मालकाच्या किंवा ड्रायव्हरच्या बोकांडी बसतं. अशा वेळी केबिनमध्ये दोन आणि मागे हौद्यात पाच माणसं बसली, तर निदान जेवणखाण आणि वाटखर्च निघतो. म्हणूनच मुंबईत *जाताना* लिफ्ट मिळणं अवघड आणि मुंबईतून *निघताना* सोपं. दान-धर्म, माणुसकी हे सगळं असतंच, मी नाही म्हणत नाही. पण या मार्गावर लिफ्ट टिकली ती परतीच्या रिकाम्या गाडीमुळे.

दुसरी गोष्ट, गाडी थांबली पाहिजे. ऐंशीच्या वेगातली गाडी कुणासाठी थांबत नसते. तिचा वेग जिथे पडतो तिथेच हात दाखवायचा. मुंबईतून निघताना अशी मोक्याची जागा म्हणजे मुलुंडचा चेकनाका. जकातीसाठी गाड्यांची रांग लागायची. मग भिवंडीजवळ राजनोली नाका, मग कसारा घाट, मग चांदवडच्या पुढे राहुड घाट. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. वाहतूकदारांच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. पण नाक्यावर गाडी थांबण्याचं कारण संपलं आणि त्याबरोबर ड्रायव्हरशी दोन शब्द बोलायची जागाही संपली. करसुधारणेच्या अहवालात हा परिणाम तुम्हाला सापडणार नाही.

केबिनमध्येही एक उतरंड असते. उस्ताद म्हणजे ड्रायव्हर, मग क्लीनर, मग ओळखीचा माणूस, मग बाकीचे मागे ताडपत्रीखाली. एकट्या बाईसाठी ही सोय जवळपास नाहीच. कुटुंब असेल तर बायका-मुलं केबिनमध्ये आणि पुरुष मागे. तेव्हा 'लिफ्ट सगळ्यांना मिळते' असं कुणी हळवं होऊन म्हणायला लागलं, तर अर्धी लोकसंख्या वजा करूनच ते वाक्य वाचा.

जगातल्या काही राजधान्यांनी या गोष्टीकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. पोलंडमध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीस सरकारनेच लिफ्टची योजना काढली. वॉर्साहून निघणारा विद्यार्थी कुपनांची एक पुस्तिका विकत घ्यायचा. जो ड्रायव्हर त्याला न्यायचा त्याला तो किलोमीटरप्रमाणे कुपन द्यायचा, आणि जास्त कुपनं जमवणाऱ्या ड्रायव्हरला बक्षीस मिळायचं. क्युबात १९९० च्या दशकात सोव्हिएत मदत आटली, तेव्हा हवानाच्या वेशीवर पिवळ्या गणवेशातले कर्मचारी उभे राहिले. सरकारी गाडी अडवायची, जागा रिकामी असेल तर रांगेतली माणसं बसवायची. दोन्ही ठिकाणी राज्याने एक गोष्ट मान्य केली होती: गाडी जातेच आहे, त्यात जागा आहे आणि माणसाला जायचं आहे.

आपल्याकडे कायद्याने उलटा प्रवास केला, आणि तो एका शब्दावर झाला. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात मालवाहू गाडीच्या व्याख्येत एक शेपूट होतं. माल नेणारी गाडी, मग ती फक्त माल नेत असो किंवा प्रवाशांच्या जोडीला माल नेत असो, अशा अर्थाचं. म्हणजे मालाबरोबर माणूस असू शकतो हे कायद्याने गृहीत धरलं होतं. १९८८ चा नवा कायदा आला तेव्हा प्रवाशांचा उल्लेख गेला आणि 'केवळ' हा शब्द आला: केवळ माल वाहण्यासाठी बांधलेलं वाहन. वाचताना कुणाच्या लक्षातही येणार नाही इतका छोटा बदल.

अपघात होईपर्यंत त्याने काही बिघडत नाही. अपघात झाला, हौद्यातला माणूस गेला, की प्रश्न येतो: भरपाई विमा कंपनीने द्यायची का? १४ नोव्हेंबर १९९४ पासून कायद्यात दुरुस्ती झाली आणि मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी विम्याच्या छत्राखाली आला. १९९९ च्या डिसेंबरमध्ये सतपालसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की नव्या कायद्यात मालगाडीतला फुकट प्रवासीही विम्यात येतो. तीन वर्षं हे चाललं. ३ डिसेंबर २००२ ला आशा राणी खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय रद्द ठरवला, आणि त्यांच्या युक्तिवादात त्या 'केवळ' शब्दाला महत्त्व होतं. जानेवारी २००४ मध्ये बलजित कौर खटल्यात आणखी स्पष्ट झालं, की १९९४ च्या दुरुस्तीचा फायदा मालाच्या मालकापुरताच आहे, सोबत बसलेल्या इतरांना नाही. त्या एका प्रकरणात न्यायालयाने कंपनीला आधी पैसे भरून मग गाडीमालकाकडून वसूल करायला सांगितलं, पण तत्त्व ठरून गेलं.

आता हे आग्रा रोडवर आणून बघा. उमराण्याहून निघालेल्या ट्रकमध्ये दोघं जण कांद्याच्या गोण्यांवर बसलेत. एक गोण्यांचा मालक, दुसरा वाटेत हात दाखवून चढलेला मजूर. गाडी घाटात उलटली. मालकाच्या वारसांना विमा मिळू शकतो. ड्रायव्हर आणि क्लीनर नोकर म्हणून संरक्षित. मजुराच्या बायकोने दावा करायचा तो गाडीमालकावर. तो मालक म्हणजे बहुतेक वेळा कर्जावर घेतलेल्या एकाच ट्रकचा धनी, हप्ते थकलेला. निकाल लागला तरी वसुली कशातून करणार? म्हणून अशा दाव्यांमध्ये सगळी लढाई एका प्रश्नावर येते: गोण्या कुणाच्या होत्या? चार गोण्या मयताच्या होत्या हे सिद्ध झालं, तर घराला आधार. नाही झालं, तर तो 'फुकटा'.

आणि तो फुकटा नव्हताच! पैसे दिले होते हे उघड म्हणावं तर परवान्याचा भंग होतो, ड्रायव्हर अडकतो. म्हणून सगळेच 'फुकट' म्हणतात. खासगी गाडीलाही हे लागू पडतं, असं लोकांना २०१८ च्या जूनमध्ये कळलं. ऐरोलीत एका कारचालकाने पावसात अनोळखी माणसांना लिफ्ट दिली म्हणून त्याला दंड झाला. तेव्हा शहरी मंडळी फार चिडली. ट्रकवाले बहुधा नुसते हसले असतील.

२०२० मध्ये हे सगळं एकदम उघड्यावर आलं. २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली, बस-रेल्वे बंद. २९ मार्चला केंद्राने सगळ्या प्रकारच्या मालवाहतुकीला परवानगी दिली. एप्रिलच्या मध्याला आलेल्या नियमांत ट्रकमध्ये दोन ड्रायव्हर आणि एक मदतनीस चालेल असं होतं. नीट वाचलंत ना? माल जाऊ शकतो, माणूस नाही. मग मुंबई-भिवंडीतल्या माणसांनी ओळखीचं तेच केलं, मालात जाऊन बसले. ज्यांना गाडी मिळाली नाही ते कसारा घाट पायी चढले. मालेगाव त्या दिवसांत स्वतःच करोनाने बेजार होतं, लूम बंद, आणि बाहेरून वाहत होता आग्रा रोड. मे उजाडल्यावर श्रमिक रेल्वे सुरू झाल्या. राज्यातून सुटलेल्या पहिल्या गाड्यांपैकी एक १ मेच्या रात्री नाशिकरोडहून भोपाळला गेली. पुढे एसटीने लोकांना राज्याच्या हद्दीपर्यंत मोफत सोडलं. पण हद्दीच्या पुढे काय? पुन्हा ट्रक. १४ मेच्या पहाटे मध्य प्रदेशात गुना जिल्ह्यात महाराष्ट्रातून उत्तर प्रदेशला निघालेल्या मजुरांच्या ट्रकची बसशी टक्कर झाली. आठ जण गेले, पन्नासच्या आसपास जखमी. गुना कुठे आहे? याच आग्रा रोडवर.

अशा वेळी सरकार सानुग्रह मदत जाहीर करतं. 'सानुग्रह' म्हणजे मेहेरबानीने दिलेली. विम्याचा दावा हा हक्क असतो. 'केवळ' या शब्दाने जे काढून घेतलं ते हक्काच्या बाजूचं होतं.

त्यानंतर एसटीचा संप आला, नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२. खेड्यांतली पोरं परीक्षेला, बाया दवाखान्यात कशा पोचल्या याचा हिशोब मी सध्या गोळा करते आहे, तो वेगळ्या पोस्टमध्ये सांगेन. एवढंच सांगते, की त्यात पिकअप आणि टेम्पो हे शब्द पानोपानी येतात.

पुढचं चित्र मिश्र आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. मुंबईहून येणाऱ्या गाड्यांना आता कसारा घाट टाळता येतो. त्या रस्त्यावर पायी माणसाला प्रवेशच नाही, त्यामुळे हात दाखवायला उभं राहायला जागा नाही. दुसरीकडे २ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर रेल्वेमार्ग मंजूर केला. ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी रुपये, आणि तो मालेगाव-धुळ्यावरून जाणार आहे. २०२८-२९ पर्यंत पूर्ण करायचं उद्दिष्ट आहे. तोवर मालेगावच्या मनमाड चौफुलीवर रात्री उभे राहिलात, तर ट्रक हळू होताना दिसतील, क्लीनर दार उघडेल आणि कुणीतरी पिशवी घेऊन खाली उतरेल. त्याला विचारा, पैसे दिले का? तो आधी ड्रायव्हरकडे बघेल, मग म्हणेल, "नाही हो, असंच आलो."