भिजलेलं अंथरूण कोण धुणार?

घरात नवी मॅट्रेस घ्यायची ठरली की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो : वॉटरप्रूफ घ्यायची का? हा प्रश्न काढणाऱ्या घरात बहुतेक वेळा तान्हं बाळ असतं, नाहीतर अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा.

आपल्या पणजीला हा प्रश्न कधी पडला नव्हता. मुलं तेव्हाही रात्री अंथरूण ओलं करत होती, माणसं तेव्हाही म्हातारी होत होती. मग त्या काळी लोक करायचे काय? आपल्या नगर जिल्ह्यापुरतं पाहिलं तरी याचं उत्तर सापडतं.

सुरुवात घोंगडीपासून करू. २०२४ मध्ये ज्यांचं नाव जिल्ह्याला मिळालं, त्या अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा, धनगर घरातला. या पठारावरच्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, बरीचशी काळी. तिच्यापासून खुटेकर धनगर आणि सणगर घोंगड्या विणायचे. सुताला चिंचोक्याची खळ लावायची. चिंचोके भाजायचे, टरफल काढायचं, भिजवून वाटायचं आणि ती पेज शिजवायची. त्या खळीने सूत ताठ होतं आणि वीण घट्ट बसते.

घोंगडी पूर्ण वॉटरप्रूफ नसते. पण लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात आणि मेंढीच्या अंगचा मेणासारखा स्निग्धपणा असतो. त्यामुळे थेंब लगेच आत मुरत नाही, बराचसा ओघळून जातो. उलट हवेतली वाफ लोकर आपल्या वजनाच्या साधारण तीस टक्क्यांपर्यंत शोषते आणि तरीही अंगाला ओली लागत नाही. म्हणून पावसात डोक्यावरून घोंगडीची खोळ घेणारा मेंढपाळ रात्री तीच ओल्या जमिनीवर अंथरून झोपू शकायचा. वाड्यासोबत महिनोन्‌महिने फिरणाऱ्या माणसाचा रेनकोट आणि गादी एकच होती.

घरातली तऱ्हा वेगळी होती. बाळंतिणीला सुंभाने विणलेली बाज असायची आणि बाजेखाली शेगडीचा शेक. बाजेला मधे भोकंच भोकं. पाणी सांडलं, बाळाने शू केली, तर ते खाली गळून जायचं आणि वरून-खालून हवा लागून बाज सुकायची. बाजेवर गोधडी. नगरकडे कुणी तिला वाकळ म्हणतं. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक टाकून घातलेली ती शिवण. बाळाखाली त्याच जुन्या सुती कापडाची दुपटी. यातली एकही वस्तू पाणी अडवत नव्हती. सगळ्या भिजायच्या, धुतल्या जायच्या आणि उन्हात वाळायच्या.

म्हणजे हिशोब साधा होता. अंथरूण भिजणारच, तेव्हा सुकेल असंच अंथरा.

पण या हिशोबात एक खर्च लपलेला होता, तो बाईच्या अंगावरचा. भिजलेली वाकळ किती जड होते, हे ती पिळणारीलाच माहीत. नवरात्रात घट बसायच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायची आपल्याकडे रीत आहे. प्रवरा, मुळा, सीना या नद्यांच्या काठी त्या दिवसांत वाकळा आपटल्या जायच्या. पण आजारी माणसाचं अंथरूण वर्षातून एकदा धुऊन कसं भागेल? आणि पाणी कुठलं आणायचं? अकोल्याच्या घाटघर-रतनवाडीला पाऊस कोसळतो, पण जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत. १९७२ च्या दुष्काळात जिथे प्यायच्या पाण्यासाठी पायपीट होती, तिथे रात्री ओली झालेली वाकळ धुणं ही चैनच म्हणायची. मग म्हातारं माणूस संध्याकाळनंतर पाणी प्यायचंच थांबवायचं. आपल्यामुळे सुनेला त्रास नको म्हणून. आजही अनेक घरांत हे चालतं.

पाणी अडवणारं कापड आलं ते दुसऱ्या वाटेने. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिन्टॉशने १८२३ साली पेटंट घेतलं. कोळशापासून गॅस काढताना उरणाऱ्या नॅफ्थ्यात रबर विरघळवून त्याचा थर दोन कापडांच्या मधे द्यायचा, अशी ती युक्ती होती. हे कापड उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक व्हायचं. १८४० च्या दशकात गंधक आणि उष्णता वापरून रबर पक्कं करण्याची रीत निघाली, तेव्हा ती अडचण सुटली.

पुढे हे रबरी कापड दवाखान्यांत गेलं. आपल्याकडच्या नर्स खाटेवरच्या रबरी शीटला आजही ‘मॅकिन्टॉश’च म्हणतात. तिची घडी घालायची नाही, गुंडाळी करायची, नाहीतर घडीवर चिरा पडतात, हे नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवलं जातं. आणि ती थेट अंगाखाली घालायची नाही, वर सुती कापड हवंच, हेही. दवाखान्यातून ती युक्ती घरी आली. बाळाच्या दुपट्याखालचं मेणकापड ते हेच.

रबराने पाणी अडवलं, पण घामही अडवला. एकाच कुशीवर पडून राहिलेल्या माणसाची पाठ ओलसर राहिली की कातडी नाजूक होते आणि जखमा व्हायला वेळ लागत नाही. घोंगडी वाफ सोडत होती, रबराला ते जमलं नाही.

मग फोम आला. पॉलियुरेथेनचा शोध जर्मनीत ऑटो बायरच्या प्रयोगशाळेत १९३७ साली लागला आणि त्यापासून पुढे मऊ गाद्या बनू लागल्या. आपल्या गोष्टीतलं खरं वळण इथे आहे. वाकळ धुता येत होती. पिंजाऱ्याने भरलेली कापसाची गादी उन्हात घालून पुन्हा पिंजून घेता येत होती. फोमची गादी ना धुता येते, ना पिंजता येते. तिच्यात मुरलेलं मुरलंच. म्हणजे वॉटरप्रूफची गरज माणसाच्या म्हातारपणाने निर्माण केली नाही. न धुता येणाऱ्या गादीने केली.

हे ध्यानात ठेवलं की निवड सोपी होते. आख्खी वॉटरप्रूफ मॅट्रेस शोधण्यापेक्षा काढता-घालता येणारं वॉटरप्रूफ कव्हर बघा, आणि एक नको, दोन घ्या. एक दोरीवर वाळत असताना दुसरं गादीवर हवं. वरचा थर सुती किंवा टॉवेलसारखा आणि खाली पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा असेल तर पाणी अडतं, वाफ मात्र हळूहळू निघून जाते. साध्या प्लॅस्टिकचं कव्हर स्वस्त पडतं, पण करकर वाजतं आणि घाम आणतं. ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलं असेल तर ते थोडा वेळच तग धरतं, रात्रभर नाही. गादीची जाडी मोजून घ्या, नाहीतर कोपरे निसटतात. कव्हर कडक गरम पाण्यात टाकू नका, त्यावर इस्त्रीही फिरवू नका. पापुद्रा सुटला की ते साधं कापड उरतं.

आणि कव्हर घातल्यावर आजीला स्पष्ट सांगा : आता भिजलं तरी चालतं, पाणी पी. हा त्रास अचानक सुरू झाला असेल तर डॉक्टरांनाही दाखवा.

शेवटचं घरातल्या मुलांसाठी. कव्हरने धुणं कमी होतं, संपत नाही. ते धुणं इतकी वर्षं कुणाकडे होतं, हे आपल्याला माहीत आहे. मॅट्रेस निवडताना पुढचं कव्हर कोण धुणार, तेही तेव्हाच ठरवून टाका.