कानापर्यंतची ओढ

इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचे ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज 19 जुलै 1545 रोजी पोर्ट्समथजवळच्या सोलंट सामुद्रधुनीत बुडाले. 1982 मध्ये त्याचा सांगाडा पाण्याबाहेर काढण्यात आला. समुद्रतळाच्या गाळाने यू वृक्षाच्या लाकडाची 172 लांब धनुष्ये आणि साडेतीन हजारांहून अधिक बाण सांभाळून ठेवले होते. ज्या शस्त्राची वर्णने शतकानुशतके वाचली गेली, ते अखेर हातात घेऊन मोजता आले.

मोजमापांनी तज्ज्ञही चकित झाले. धनुष्यांची सरासरी लांबी 198 सेंटिमीटर, म्हणजे ती ओढणाऱ्या माणसापेक्षा वीतभर जास्त. प्रतिकृती घडवून आणि गणित मांडून त्यांची ताकद काढली, तर दोरी 30 इंच ओढल्यावर ती 100 ते 185 पौंड भरली. आजच्या ऑलिंपिकमधल्या पुरुष तिरंदाजाचे धनुष्य 50 पौंडांच्या आसपासचे असते.

पण खरी मेख त्या 30 इंचांत आहे. जहाजावरचे बहुतेक बाण साधारण तेवढ्या लांबीचे होते आणि खलाशांची सरासरी उंची सुमारे 171 सेंटिमीटर. एवढ्या उंचीच्या माणसाने दोरी हनुवटीपर्यंत आणली तर ओढ 27 इंचांच्या आसपास थांबते. बाण पुरता ओढायचा तर हात कानापर्यंत, कधी त्याहून मागे न्यावा लागतो. आपल्या महाकाव्यांतले वीर आकर्ण धनुष्य ओढतात. ट्यूडर काळातल्या सैनिकाला ते रोज करावे लागे. आणि अशा धनुष्यात शेवटचा प्रत्येक इंच पाच-सहा पौंडांनी भारी होत जातो.

हे नुसत्या दंडाच्या जोरावर साधत नाही. बिशप ह्यू लॅटिमर यांनी 1549 मध्ये बालराजा सहाव्या एडवर्डपुढे केलेल्या प्रवचनात आपल्या शेतकरी वडिलांची शिकवण सांगितली आहे. इतर देशांचे लोक हाताच्या बळाने ओढतात, आपण मात्र सारे अंग धनुष्यात घालायचे, असे वडिलांनी शिकवले. वय आणि बळ वाढेल तसे मोठे धनुष्यही घेऊन दिले. जड धनुष्य पेलण्याचे तंत्र एवढ्या मोजक्या शब्दांत क्वचितच कुणी सांगितले असेल. पाठीचे आणि खांद्यांचे स्नायू कामाला लावायचे, शरीराचा भार धनुष्यावर टाकायचा आणि दोरी मागे जाताना छाती उघडत न्यायची.

जहाज बुडाले त्याच वर्षी रॉजर ॲशम यांचा ‘टॉक्सोफिलस’ हा तिरंदाजीवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. उभे राहणे, बाण दोरीला लावणे, ओढणे, धरणे आणि सोडणे अशा पाच अंगांनी त्यांनी ही विद्या मांडली, आणि छातीपर्यंत ओढण्यापेक्षा कानापर्यंतची ओढ श्रेष्ठ ठरवली. कायदाही पाठीशी होताच. 1541 च्या कायद्याने सात ते सतरा वर्षांच्या मुलांना धनुष्य आणि दोन बाण घेऊन देणे बापावर बंधनकारक केले, तर चोवीस वर्षे पूर्ण झालेल्यांना 220 यार्डांहून जवळच्या निशाणावर नेम धरायला मनाई केली.

या सरावाच्या खुणा कदाचित हाडांवरही उरल्या. अस्थितज्ज्ञ ॲन स्टर्लंड यांना जहाजावरच्या सांगाड्यांत खांद्याच्या फऱ्याचे टोक मूळ हाडाशी न जुळल्याची उदाहरणे नेहमीपेक्षा बरीच जास्त आढळली. हाडे पक्की होण्याआधीपासून जड धनुष्ये ओढल्याशी त्यांनी याचा संबंध जोडला.

बंदूक काही आठवड्यांत शिकता येई. असा धनुर्धारी घडायला बालपण खर्ची पडे. म्हणूनच हातात धनुष्ये शिल्लक असूनही ती पेलणारी माणसे हळूहळू उरली नाहीत. पुढे मार्क स्ट्रेटन या इंग्रज तिरंदाजाने 2004 मध्ये 200 पौंडांचे लांब धनुष्य पूर्ण ओढून दाखवले, तेही वर्षानुवर्षांच्या मेहनतीनंतरच. आज ज्यांना पारंपरिक जड धनुष्याची ओढ लागली आहे, त्यांनी लॅटिमर यांच्या वडिलांचा क्रम पाळावा: आधी हलक्या धनुष्यावर कानापर्यंतची ओढ अंगवळणी पाडावी, मगच पौंड वाढवावेत.