भाजलेल्या कामगाराचं ‘नशीब’ कोण लिहितं?

औसा तालुक्यातला भूमिहीन तरुण कामासाठी पुण्या-मुंबईकडे जातो, तेव्हा बहुतेकदा ठेकेदाराच्या हाताखालीच लागतो. ड्रममध्ये कोणतं रसायन आहे, ते अंगावर उडालं तर काय करायचं, हे त्याला कोणी सांगत नाही. भाजला की नशिबाला दोष देत गावी परततो. आमचं म्हणणं आहे, हे नशीब नाही. याला इतिहास आहे.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांसमोर बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. पुढे १९४२ ते १९४६ या काळात त्यांच्याकडे देशाचं मजूर खातं होतं. कारखान्यातले आठवड्याचे तास १९४६ मध्ये ५४ वरून ४८ वर आले. प्रा. अडारकरांचा आरोग्य विम्याचा अहवाल १९४४ चा. त्यातूनच १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा, म्हणजे आजचा ईएसआय, उभा राहिला. भाजलेल्याला उपचार आणि बुडालेली मजुरी मिळणं ही मालकाची मेहेरबानी राहिली नाही, तो हक्क झाला.

डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ घडलं. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचं नवं प्रकरण आलं. धोक्याची माहिती कामगारांना देणं मालकावर बंधनकारक झालं. धोका दिसला तर तो व्यवस्थापनाच्या आणि निरीक्षकाच्या नजरेस आणण्याचा हक्क कामगाराला मिळाला. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही हे हक्क आहेत.

मग माणसं का जळतात? डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ ला प्रोबेसमध्ये स्फोट झाला. त्याच एमआयडीसीत २३ मे २०२४ ला अमुदानमध्ये झाला. मुळशीतल्या उरवडे इथे ७ जून २०२१ ला रसायनांच्या कारखान्यात १७ कामगार जळून गेले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. मृतदेह ओळखण्यासाठी डीएनए तपासणी करावी लागली.

काही जण म्हणतील, रसायन जात विचारत नाही. खरं आहे. पण त्या ड्रमजवळ कोणाला उभं करायचं, हे भूमिहीनता, शिक्षण आणि ठेकेदारी ठरवते. आणि या तिन्हींच्या मुळाशी जात आहे. हजेरीपटावर नावच नसेल, तर हक्क मागायचा कोणी?

म्हणून वस्तीतून मुलगा-मुलगी कामाला निघण्याआधी तीन प्रश्न शिकवू या. रसायनाचं नाव काय? माझा ईएसआय क्रमांक कोणता? हजेरीपटावर माझं नाव आहे का? ठेक्यावरचा कामगारही ईएसआयमध्ये येतो. उत्तर मिळालं नाही, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे लेखी तक्रार करा, एकट्याने नव्हे, संघटित होऊन.

जय भीम!