हेल्पस्टनच्या पायवाटा

इंग्रज माणसाला पायी फिरण्याचा मोठा नाद. रविवारचे जेवण झाले, की पायांत जाड बूट चढवायचे, कुत्र्याला हाक मारायची आणि शिवारात निघायचे. म्हातारी जोडपीसुद्धा नदीकाठाने दोन-तीन मैल सहज चालून येतात. तुम्ही म्हणाल, यात इतिहास तो काय? आहे, आणि चांगला दोनशे वर्षांचा भांडणाचा इतिहास आहे.

असे बघा, ही मंडळी चालतात ती स्वतःच्या रानातून नव्हे. गव्हाच्या उभ्या पिकातून, दुसऱ्याच्या कुरणातून, कुणा जमीनदाराच्या बागेच्या कडेने वाट जाते. आपल्याकडे असे कुणी निघाले तर बांधावरून पहिली हाक येईल, "कोण रे तो?" तेथे मात्र वाटेच्या तोंडाशी खांब असतो, त्यावर पिवळा बाण. पिवळा बाण पायी चालणाऱ्यासाठी, निळा असेल तर घोडेस्वारालाही मुभा. कुंपण आडवे आले तर ओलांडायला लाकडी पायऱ्या, नाही तर माणूस जाईल पण जनावर जाणार नाही असे फिरते फाटक. जमीन शेतकऱ्याची, पण चालण्याचा हक्क सर्वांचा. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा वाटा सुमारे १,४०,००० मैल भरतात.

हे कसे घडले ते एका गावावरून सांगतो. पीटरबरो शहराच्या वायव्येस सहा-सात मैलांवर हेल्पस्टन नावाचे खेडे आहे. चालायला अगदी सोपा मुलूख, चढउतार जवळजवळ नाहीच. दक्षिणेला चुनखडीचे माळ आणि रानाचे तुकडे, पूर्वेला फेन म्हणतात ती सपाट, एके काळी दलदलीची जमीन, उत्तरेला वेलँड नदी. गावात एक जुना दगडी क्रूस आहे, जवळच सेंट बोटोल्फचे देऊळ. त्या देवळाच्या आवारात जॉन क्लेअर नावाचा एक शेतमजूर पुरला आहे. हा मजूर कवी होता, आणि गावच्या वाटा कशा गेल्या हे त्याने डोळ्यांनी पाहिले.

क्लेअरचा जन्म १७९३ सालचा. बाप मळणीचे काम करणारा. पोराने लहानपणी मेंढ्या आणि गाई राखल्या, मग शेजारच्या ग्लिंटन गावी दोनएक मैल चालत जाऊन शिक्षण घेतले. पुस्तकाचे वेड असे, की एक काव्यग्रंथ विकत घ्यायला तो सहा-सात मैलांवरच्या स्टॅमफर्ड गावी गेला. तो रविवार निघाला, दुकान बंद! पुढच्या आठवड्यात घोडी राखण्याचे आपले काम दुसऱ्या पोराला पैसे देऊन सोपवले आणि पुन्हा गेला. परत येताना कामाच्या दिवशी आपण वाचताना कुणाला दिसू नये म्हणून बर्ली पार्कची भिंत चढून आत बसला, आणि तेथेच त्याला आपली कविता सुचली. शिक्षकांनी ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी, भिंत चढल्याचे वगळायचे असेल तर वगळून.

त्या काळचे हेल्पस्टनचे शिवार कसे होते? मोठी, बिनकुंपणाची शेते, त्यांत प्रत्येकाच्या लांबट पट्ट्या. एक शेत आळीपाळीने पडीक राहायचे, त्यावर गावची गुरे चरायची. शिवाय गायरान होते. तेथे गरिबाची गाय उभी राहायची, सरपण मिळायचे. या साऱ्यातून वाटा जात. कुणी त्या आखल्या नव्हत्या. देवळाला, गिरणीला, बाजाराला आणि कामाला जाणाऱ्या पायांनी त्या पडल्या होत्या.

१८०९ साली पार्लमेंटाने हेल्पस्टन आणि आसपासच्या गावांसाठी इन्क्लोजरचा कायदा केला. इन्क्लोजर म्हणजे पट्ट्या एकत्र करून, गायरान वाटून, जमीन कुंपणात घालणे. सगळे निवाडे पुरे व्हायला १८२० उजाडले. हे एकट्या हेल्पस्टनचे नव्हे बरे. १६०४ ते १९१४ या काळात असे ५,२०० हून अधिक कायदे झाले, आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन कुंपणात गेली. कुंपणामुळे पीक वाढले, नवी शेती करता आली, असे समर्थक म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. पण हिशेबाचे दुसरे पान वाचल्याशिवाय वही मिटू नये. ज्याच्याकडे कागद होता त्याला जमिनीचा तुकडा मिळाला. ज्याच्याकडे नुसती वहिवाट होती त्याची गाय गेली. क्लेअरने स्वतः कुंपणाच्या कामावर मजुरी केली. गरिबीला ते करावेच लागते. वाट बंद झाल्याच्या पाट्या, तोडलेली झाडे, बुजलेले ओढे हे पुढे त्याच्या कवितेत वारंवार येते.

वर १८१५ चा कायदा आला. दोन न्यायाधीशांनी 'अनावश्यक' म्हटले, की वाट बंद. आता हे न्यायाधीश बहुधा जमीनदारच, किंवा जमीनदाराच्या पंगतीला बसणारे! लोक चिडले. १८२४ साली यॉर्कला आणि १८२६ साली मँचेस्टरला पायवाटा राखण्यासाठी मंडळ्या निघाल्या. १९३२ च्या एप्रिलात किंडर स्काउटच्या डोंगरावर कामगार तरुणांनी मनाई मोडून चढाई केली. पाच जणांना दोन ते सहा महिने तुरुंगवास झाला. त्याच वर्षी कायदा झाला, की लोक २० वर्षे बिनहरकत हक्काने चालत असतील तर ती वाट सार्वजनिक मानावी.

पण खरे काम १९४९ च्या कायद्याने झाले. प्रत्येक काउंटीने आपल्या वाटांचा नकाशा करावा असे ठरले, आणि माहिती काढण्याचे काम पुष्कळदा गावपंचायतीकडे आले. गावकरी एकेक वाट चालून नोंदी करू लागले. पुराव्यासाठी जुनी दप्तरे उघडली, तर त्यांत काय होते? इन्क्लोजरचे निवाडे! ज्या कागदांनी गायरान गिळले, त्यांतच राखून ठेवलेल्या सार्वजनिक वाटा रुंदीसह लिहिल्या होत्या. आजही वाटेचा दावा लढवताना हे निवाडे दाखवतात. आपल्याकडे इंग्रजी अमलात १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा झाला, त्याखाली अडवलेल्या वाटेची दाद मागता येते; आपल्यापैकी कित्येकांना त्याचा अनुभव असेल.

नकाशात न आलेल्या जुन्या वाटांचे काय, हा वाद अजून चालू आहे. २००० च्या कायद्याने त्यांच्या नोंदीला १ जानेवारी २०२६ ची मुदत घातली, २०२३ साली ती २०३१ पर्यंत वाढवली, आणि २०२४ च्या डिसेंबरात सरकारने मुदतच रद्द करण्याचा मनोदय जाहीर केला.

नदीकाठाचे मात्र वेगळे आहे. नदीच्या काठाने चालण्याचा हक्क आपोआप मिळत नाही, तेथेही वाट सिद्ध करावी लागते. थेम्सच्या काठी लांब वाट आहे, तिचा मोठा भाग नावा ओढणाऱ्या माणसांनी आणि घोड्यांनी पाडला. शेतकऱ्यावरही बंधन आहे. शेताच्या मधून जाणारी वाट पेरणीसाठी नांगरली तर १४ दिवसांत पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची. कडेची वाट तर नांगरायचीच नाही.

क्लेअरचे पुढचे आयुष्य दुःखाचे. १८३२ साली कुटुंब तीन मैलांवरच्या नॉर्थबरोला गेले. मनाचा तोल गेला म्हणून त्याला एसेक्समधल्या एका आश्रमात ठेवले. १८४१ च्या जुलैत तो तेथून निघाला आणि सुमारे ८० मैल चार दिवसांत चालत घरी आला. खिशात पैसा नव्हता. भुकेपोटी रस्त्याकडेचे गवत खाल्ले. १८६४ साली नॉर्थॅम्प्टनच्या मनोरुग्णालयात तो वारला.

हेल्पस्टनच्या दक्षिणेला स्वॉर्डी वेल म्हणून दगडाची जुनी खाण आहे. इन्क्लोजरमध्ये ती रस्तेदुरुस्तीच्या दगडासाठी दिली, तेव्हा क्लेअरने त्या जमिनीच्याच तोंडी तक्रार घालून एक कविता लिहिली. पुढे तेथे कचराही पडला. २००३ साली एका स्थानिक संस्थेने ती जागा विकत घेतली. आता ते राखीव रान आहे, आणि गावापासून तेथवर चालत जाता येते.