मलफूजात आणि आधुनिक उर्दू कथा

आधुनिक उर्दू कथेतील सूफी आशयाची चर्चा बहुधा प्रतीकांपाशी थांबते. पीर, कबूतर, कुत्रा यांचे अर्थ लावून झाले की समीक्षकाचे समाधान होते. प्रश्न खरे तर रूपबंधाचा आहे; आणि त्याचा एक धागा महाराष्ट्रात, खुलताबादेस, येऊन पोचतो.

अमीर हसन सिज्जीची कबर तेथे आहे. दिल्लीत निजामुद्दीन औलियांच्या बैठकींतील संभाषणे त्याने १३०८ ते १३२२ या काळात टिपली. १८८ बैठकींचा तो फारसी ग्रंथ म्हणजे ‘फवायदुल फुआद’. ‘मलफूजात’ (गुरुवचनांची नोंद) या प्रकाराला प्रतिष्ठा मिळाली ती या ग्रंथामुळे. दौलताबाद-खुलताबादेत बुऱ्हानुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) यांच्याभोवती तीच परंपरा पुढे वाढली. बैठकीची तारीख, शिष्याचा प्रश्न, शेखचे उत्तर, उत्तरात एखादी गोष्ट, एवढाच साचा. हसनचे लेखन स्वतः निजामुद्दीनांच्या नजरेखालून गेले होते. शब्दामागे बोलणारा उभा होता.

१९४७ मध्ये लाहोरला गेलेल्या इंतिजार हुसैन यांनी ‘जर्द कुत्ता’ या कथेत (‘आखरी आदमी’, १९६७) हाच साचा उचलला. शेख उस्मान कबूतर आणि शिष्य अबू कासिम यांची प्रश्नोत्तरे तिच्यात आहेत. पिवळा कुत्रा म्हणजे नफ्स, म्हणजे वासनेने ओढले जाणारे मन, हे कथाच सांगते. त्यासाठी समीक्षकाची गरज नाही. खरी कथा पुढे आहे. शेखच्या मृत्यूनंतर गुरुबंधू एकेक करून वैभवात स्थिरावतात. अबू कासिमला वचने पाठ आहेत, पण ती त्याला तारू शकत नाहीत. साचा शिल्लक आहे, उत्तर देणारा नाही. म्हणूनच या कथेत परंपरेचे पुनरुज्जीवन पाहणारा अभिप्राय मला मान्य होण्यासारखा वाटत नाही.

मराठी वाचकाला येथे ‘लीळाचरित्र’ आठवावे. हसनच्या सुमारे तीस वर्षे आधी, रिद्धपूरच्या परिसरात, म्हाइंभट चक्रधरांच्या लीळा जमवीत होता. चक्रधरांच्या पश्चात, ऐकणाऱ्यांच्या स्मृतींतून, वेगळे पडणारे कथनही टाकून न देता. हसन गुरूसमोर लिहितो, म्हाइंभट गुरूमागे. अबू कासिम म्हाइंभटाच्या जागी आहे. मात्र म्हाइंभटाला पडताळणीसाठी नागदेवाचार्य होते, पंथ होता. अबू कासिमचे साक्षीदार आता वाड्यांत राहतात, आणि त्याला जेवावयास बोलावतात.