नगरपरिषद (महाराष्ट्र)

नगरपरिषद ही महाराष्ट्रातील लहान व मध्यम आकाराच्या शहरांचा स्थानिक कारभार पाहणारी लोकनिर्वाचित संस्था होय. बोलीभाषेत तिला आजही 'नगरपालिका' किंवा नुसते 'पालिका' म्हटले जाते. पिण्याचे पाणी, गटारे, रस्ते, दिवाबत्ती, सफाई, आठवडे बाजार, स्मशानभूमी, जन्म-मृत्यूची नोंद अशी रोजच्या जीवनाशी निगडित कामे ती करते. तिचा कारभार 'महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५' या कायद्यानुसार चालतो. मोठ्या शहरांसाठी महानगरपालिका, तर ग्रामीण स्वरूपातून नागरी स्वरूपाकडे वळणाऱ्या गावांसाठी नगरपंचायत असते.

लोकसंख्येनुसार नगरपरिषदांचे तीन वर्ग केले जातात. एक लाखाहून अधिक लोकसंख्येच्या शहराची नगरपरिषद 'अ' वर्गात, चाळीस हजारांहून अधिक व एक लाखापर्यंत लोकसंख्या असलेल्या शहराची 'ब' वर्गात आणि त्याहून लहान शहराची 'क' वर्गात मोडते.

इतिहास

इंग्रजी अमलात १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने शहरवासीयांच्या मागणीवरून नगरपालिका स्थापण्याची तरतूद झाली. या कायद्याखाली १८५२ मध्ये स्थापन झालेली पनवेलची नगरपालिका राज्यातील सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी एक होती. २०१६ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. आरंभी बहुतेक सदस्य सरकारनियुक्त असत. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर निवडून आलेल्या सदस्यांचे प्रमाण हळूहळू वाढत गेले.

महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव सभेपुढे आला, तेव्हा त्यांनी एकट्याने त्यास विरोध केला. ही रक्कम शिक्षणावर खर्च करावी, असे त्यांचे म्हणणे होते.

स्वातंत्र्यानंतर राज्याच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळे कायदे लागू होते. पश्चिम महाराष्ट्रात १९०१ चा मुंबई जिल्हा नगरपालिका अधिनियम व १९२५ चा बरो नगरपालिका अधिनियम, विदर्भात १९२२ चा मध्य प्रांत व वऱ्हाड नगरपालिका अधिनियम आणि मराठवाड्यात १९५६ चा हैदराबाद जिल्हा नगरपालिका अधिनियम अशी ही स्थिती होती. १९६५ च्या अधिनियमाने या सर्वांची जागा घेतली. १९९३ मध्ये अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक दर्जा दिला आणि बाराव्या अनुसूचीत त्यांच्याकडे सोपवता येणारे अठरा विषय नमूद केले.

महाड नगरपालिकेचा ठराव

नगरपालिकेचा ठराव आणि त्याची अंमलबजावणी यांतील अंतर महाडच्या चवदार तळ्याच्या प्रकरणात ठळकपणे दिसते. सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा इत्यादी ठिकाणे अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुली करावीत, असा त्याचा आशय होता. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. तथापि सवर्णांच्या विरोधामुळे तीन वर्षे तो कागदावरच राहिला.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा त्या ठरावातील हक्क प्रथमच प्रत्यक्षात बजावला गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तळे खाजगी मालकीचे असल्याचा दावा करून काही रहिवासी न्यायालयात गेले. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा दावा अमान्य केला. ठराव करणे, तो न अमलात आणणे आणि तो रद्द करणे या तिन्ही गोष्टी एकाच सभागृहाच्या अधिकारात होत्या; हक्काचा अखेरचा निर्णय मात्र न्यायालयात झाला.

रचना

नगरपरिषदेचे सदस्य (नगरसेवक) प्रभागांतून प्रौढ मतदानाने निवडले जातात. निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. अनुसूचित जाती व जमातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखीव असतात. महिलांसाठी घटनेने किमान एक तृतीयांश जागा राखून ठेवल्या आहेत. महाराष्ट्रात २०११ पासून हे प्रमाण निम्मे आहे. निवडून आलेल्या सदस्यांखेरीज काही नामनिर्देशित, म्हणजे 'स्वीकृत' सदस्य घेतले जातात. त्यांना सभेत बोलता येते, परंतु मतदान करता येत नाही.

नगराध्यक्ष हा परिषदेचा प्रमुख असतो. त्याची निवड थेट जनतेतून व्हावी की सदस्यांतून, याविषयीचे धोरण वारंवार बदलले आहे. २०१६ मध्ये थेट निवडणुकीची पद्धत आणली गेली, २०२० मध्ये ती रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू करण्यात आली. थेट पद्धतीत नगराध्यक्ष एका पक्षाचा व सभागृहातील बहुमत दुसऱ्या पक्षाचे, अशी स्थिती उद्भवू शकते व तिचा परिणाम ठरावांवर होतो.

प्रशासनाचा प्रमुख मुख्याधिकारी असतो व त्याची नेमणूक राज्य शासन करते. ठरावांची अंमलबजावणी, कर्मचाऱ्यांवर नियंत्रण व अभिलेखांची जपणूक ही त्याची मुख्य कामे होत. स्थायी समितीबरोबरच सार्वजनिक बांधकाम, पाणीपुरवठा व जलनिःसारण, आरोग्य, शिक्षण, नियोजन व विकास, महिला व बालकल्याण अशा विषय समित्या असतात.

सभा व ठराव

नित्याच्या कामकाजासाठी दर दोन महिन्यांतून एकदा सर्वसाधारण सभा घेणे आवश्यक असते. याखेरीज विशेष सभा बोलावता येते. सभेपूर्वी सदस्यांना नोटिशीसोबत विषयपत्रिका पाठवली जाते. सभेच्या प्रारंभी मागील सभेचे इतिवृत्त कायम केले जाते. त्यानंतर एकेक विषय पुकारला जातो, सूचक व अनुमोदक यांची नावे नोंदवली जातात आणि आवश्यक तेथे मतदान होते. जलवाहिनीची दुरुस्ती, गाळ्यांचा लिलाव, घंटागाडीचा ठेका, रस्त्याचे नामकरण, उद्यानाची देखभाल असे परस्परांशी संबंध नसलेले विषय एकाच सभेत येतात.

विषयपत्रिकेत नसलेले विषय 'ऐनवेळचे विषय' म्हणून घेण्याची प्रथा अनेक ठिकाणी आढळते. त्यांची पूर्वसूचना नसल्याने सदस्यांना अभ्यासास अवधी मिळत नाही. त्यामुळे अशा ठरावांवरून वाद उद्भवतात. इतिवृत्तात चर्चा कशी नोंदवली गेली, हाही वादाचा नेहमीचा विषय आहे. त्यामुळे विरोधी सदस्य आपला विरोध कारणांसह लेखी नोंदवण्याचा आग्रह धरतात. लोकहिताच्या विरुद्ध किंवा बेकायदेशीर वाटणाऱ्या ठरावाची अंमलबजावणी जिल्हाधिकारी तहकूब करू शकतात. ही तरतूद अधिनियमाच्या कलम ३०८ मध्ये आहे.

उत्पन्न व अर्थसंकल्प

मालमत्ता कर व पाणीपट्टी हे उत्पन्नाचे नेहमीचे मार्ग होत. त्यांना दुकानगाळ्यांचे भाडे, बाजार शुल्क आणि विकास शुल्क यांची जोड मिळते. मालमत्तांची करआकारणी दर चार वर्षांनी सुधारली जाते. नव्या आकारणीवर नागरिकांना हरकत घेऊन सुनावणी मागता येते. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती आकारली जाते.

जकात हे एकेकाळी नगरपरिषदांचे हुकमी उत्पन्न होते. १९९९ मध्ये नगरपरिषद क्षेत्रांतून ती रद्द झाली व तिच्या बदल्यात राज्य शासन सहायक अनुदान देऊ लागले. परिणामी कर्मचाऱ्यांच्या वेतनासारख्या नियमित खर्चासाठीही नगरपरिषदा शासनावर अवलंबून राहू लागल्या. केंद्रीय वित्त आयोगाचा निधी बंधित व अबंधित अशा दोन भागांत येतो; बंधित भाग पाणी व स्वच्छता यांवरच खर्च करावा लागतो.

पुढील आर्थिक वर्षाचा अर्थसंकल्प फेब्रुवारीअखेर विशेष सभेत मंजूर केला जातो. महिला व बालकल्याण, दुर्बल घटक आणि दिव्यांग कल्याण यांसाठी त्यात प्रत्येकी पाच टक्के तरतूद ठेवली जाते. ही रक्कम वर्षअखेर अखर्चित राहणे ही लेखापरीक्षणातील नेहमीची हरकत असते.

आवश्यक व स्वेच्छाधीन कामे

कायद्याने नगरपरिषदेच्या कामांचे दोन भाग केले आहेत. रस्त्यांवरील दिवे, सफाई, आग विझवणे, पाणीपुरवठा, गटारे, स्मशानभूमी व दफनभूमी, रोगप्रतिबंध आणि जन्म-मृत्यू नोंदणी ही आवश्यक कामे होत. उद्याने, वाचनालये, सभागृहे, वस्तुसंग्रहालये, क्रीडांगणे ही निधी उपलब्ध असल्यास करावयाची स्वेच्छाधीन कामे होत. प्रवेशद्वार, कारंजे, पुतळा ही कामे लवकर नजरेत भरतात, तर जमिनीखालची जलवाहिनी दिसत नाही. अर्थसंकल्पावरील चर्चेत हा प्राधान्यक्रम महत्त्वाचा ठरतो.

मंजूर कामाला अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकातील नोंदी व अखेरीस देयक या टप्प्यांतून जावे लागते. सभेत एकमताने मंजूर झालेला रस्ता यांपैकी कोणत्याही टप्प्यावर अडू शकतो.

पाणीपुरवठा

भूमिगत गटार योजना असलेल्या शहरांत दरडोई दररोज १३५ लिटर व नसलेल्या शहरांत ७० लिटर पाणी हे नियोजनाचे मानक आहे. प्रत्यक्षात अनेक लहान शहरांत, विशेषतः मराठवाड्यात, उन्हाळ्यात काही दिवसांच्या अंतराने पाणी सोडले जाते. कराडलगतच्या मलकापूर येथे मीटरद्वारे चोवीस तास पाणी देण्याची योजना यशस्वी ठरली. वापरानुसार आकारणी झाल्याने पाण्याची नासाडी रोखता येते, हे तेथे दिसून आले.

घनकचरा

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका व घरगुती घातक कचरा वेगळा करणे बंधनकारक केले. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले नगरपरिषदेने कचऱ्याचे घरोघरी वर्गीकरण करून कचरा डेपोचे रूपांतर भेट देण्याजोग्या प्रकल्पात केले. तेथे ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस व खत तयार केले जाते. स्वच्छ सर्वेक्षण २०२० मध्ये एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत कराड, सासवड व लोणावळा यांनी देशात पहिले तीन क्रमांक मिळवले. २०२१ मध्ये हे स्थान विटा, लोणावळा व सासवड यांना मिळाले. ही सर्व शहरे नगरपरिषदांची आहेत.

प्रशासकीय राजवट

घटनेनुसार नगरपरिषदेची मुदत पाच वर्षे असून ती संपण्यापूर्वी निवडणूक होणे अपेक्षित असते. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा न्यायालयीन वाद व प्रभागरचनेतील बदल यांमुळे २०२१ नंतर राज्यातील बहुसंख्य नगरपरिषदांच्या निवडणुका लांबल्या. या काळात सभागृहाचे अधिकार प्रशासकाकडे होते. ठराव होत राहिले, मात्र त्यांवर सभागृहात चर्चा करणारे किंवा विरोध नोंदवणारे सदस्य नव्हते. डिसेंबर २०२५ मध्ये २४६ नगरपरिषदा व ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्यावर तेथे लोकनिर्वाचित सभागृहे परत आली.

नागरिकांचा सहभाग

तीन लाखांहून कमी लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या घटनेने बंधनकारक केलेल्या नाहीत. त्यामुळे ग्रामसभेसारखे सर्व मतदारांचे व्यासपीठ बहुतेक नगरपरिषदांत नाही. करआकारणी व विकास आराखडा यांवरील हरकती आणि सूचना हा नागरिकांच्या हाती असलेला मुख्य मार्ग होय. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार सभेचे इतिवृत्त, निविदा व मोजमाप पुस्तक यांच्या प्रती मागता येतात. जन्म-मृत्यूचे दाखले, मालमत्ता कराचा उतारा, नळजोडणी इत्यादी सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने दिला असून, सेवा न मिळाल्यास अपील करता येते.

हेही पहा

नगरपंचायत
महानगरपालिका
ग्रामपंचायत
चवदार तळे